हिमालय आणि बंगाल

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. तीत सातबाराचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या आणि माझ्या गुणपत्रिका एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या असतात. खाडीचे पाणी बांध फोडून आत आलेच, तर आधी ती पिशवी उचलायची, अशी वडिलांची सर्वांना ताकीद आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. त्यामुळे आमच्याच पेण तालुक्यात जन्मलेल्या एका मुलाने आपली सारी प्रमाणपत्रे आईच्या चुलीत घातली, हे शाळेत असताना प्रथम वाचले तेव्हा मला त्याच्याविषयी आदर वाटला नाही. खरे सांगायचे तर रागच आला.

तो मुलगा म्हणजे विनायक नरहर भावे. पुढे ज्यांना साऱ्या देशाने आचार्य विनोबा म्हणून ओळखले ते. भूदानाचे प्रणेते, गीताईचे कर्ते, गांधीजींचे पट्टशिष्य, एवढे आपल्या सर्वांना पाठ असते. परंतु माणूस जन्मतःच आचार्य होत नाही. विनोबांच्या मनात दोन परस्परविरोधी ओढी होत्या आणि त्यांनी ऐन तारुण्यात त्यांना पार सैरभैर केले होते. त्या ओढींचे त्यांनी काय केले, ते मला या लेखात सांगायचे आहे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे झाला. त्या वेळी हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. पेणच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याजवळचे हे लहानसे गाव. आम्ही डोलवीकर खारीतले, मिठागरे आणि भरती-ओहोटी पाहत वाढलेले; गागोदे मात्र झाडाझुडपांतले. मध्ये अंतर फार नाही, पण हवा वेगळी.

वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला असत. आई रखुमाई आणि मुले गागोद्याला आजोबांजवळ राहत. आजोबा शंभुराव मोठे व्रतस्थ गृहस्थ होते. त्यांची पूजा तासन्‌तास चाले. एकदा पूजेत देवाच्या मूर्तीवर विंचू येऊन बसला. घरात आरडाओरडा झाला, कोणी मारायला धावले. शंभुरावांनी सर्वांना थांबवले. तो देवाच्या आश्रयाला आलेला आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही, असे सांगून त्यांनी शांतपणे पूजा पुढे चालू ठेवली आणि काही वेळाने विंचू आपला आपण निघून गेला.

दुसरी आठवण गणपतीची. पेणचे गणपती आज जगभर जातात. आपल्याकडे पोरे मूर्तीच्या मातीतच वाढतात, म्हणून ही आठवण मला फार जवळची वाटते. गणेशचतुर्थीला आजोबा घरीच मूर्ती करीत. मुले चंदन उगाळून देत. मग तिची प्राणप्रतिष्ठा, पूजा, आरत्या. आणि इतक्या प्रेमाने केलेली मूर्ती शेवटी पाण्यात सोडून द्यायची! लहानग्या विनायकाला याचे फार वाईट वाटे. जीव लावायचा आणि वेळ आली की सोडायचे, या दोन्ही गोष्टी एकाच सणात कशा बसतात, हा प्रश्न त्या वयात त्याला शब्दांत मांडता आला नसेल; पण तो मनात रुतून बसला, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवले आहे.

आईचे वळण आणखी निराळे. अंगणातला फणस पिकला की पहिले गरे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी जायचे आणि ते पोचवायचे कामही मुलांनीच करायचे. त्यानंतर घरच्यांनी खायचे. कोकणातल्या माणसाला यातला त्याग चटकन कळेल! रखुमाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण संतांचे अभंग त्यांना अगणित येत. काम करताकरता त्या गात आणि गाताना त्यांच्या डोळ्यांना धार लागे.

याच्या अगदी उलट वडील. ते रंगशास्त्रातले जाणकार, प्रयोगात रमणारे, शिस्तीचे कडक आणि हिशेबी. पुढे कुटुंब बडोद्याला राहायला गेले, तेव्हा विनायक या दोन वृत्तींच्या मधोमध येऊन पडला. शाळेत भाषा निवडायची वेळ आली. मुलाने परदेशी जाऊन मोठे शिक्षण घ्यावे म्हणून वडिलांनी फ्रेंच घ्यायला सांगितले. ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत शिकू नये, याचे आईला दुःख झाले. मुलाने वर्गात फ्रेंच घेतली आणि आईचे शब्द मनात ठेवून संस्कृत आपले आपण शिकायला घेतले. वडिलांकडून गणित आले, आईकडून भक्ती. देवाखालोखाल आपल्याला काही आवडत असेल तर ते गणित, असे विनोबा जन्मभर सांगत आले.

बालपणीच त्याने ब्रह्मचर्याचा निश्चय केला होता. उन्हातान्हात अनवाणी मैलोन्‌मैल भटकावे, ग्रंथालयात पुस्तकांचा फडशा पाडावा, मित्रांना जमवून वादविवाद करावेत, असे त्याचे दिवस चालले होते. कविताही तो लिही. मनासारखी कविता साधली की ती अग्नीला अर्पण करी. (आपल्या वार्षिकांकाच्या संपादकांना असा एखादा कवी दरवर्षी मिळाला तर त्यांचे बरेच काम हलके होईल!)

आता त्या दोन ओढींकडे येतो. १९०५ च्या फाळणीनंतर बंगाल पेटला होता. बाँब, फाशी, काळे पाणी यांच्या वार्ता बडोद्यापर्यंत पोचत होत्या. त्या वेळचे बडोदे हे काही आडबाजूचे शहर नव्हते. अरविंद घोष तिथल्याच कॉलेजात अध्यापक होते आणि १९०६ मध्ये ते बडोदे सोडून बंगालच्या चळवळीत गेले होते. पुढे १९१० मध्ये तेच अरविंद राजकारण मागे टाकून पाँडिचेरीला योगसाधनेला बसले, हेही लोकांनी पाहिले होते. म्हणजे एकाच माणसाने आधी एक टोक धरले आणि मग दुसरे. विनायकाच्या मनात ही दोन्ही टोके एकदमच उभी होती. देश गुलाम असताना हातात शस्त्र घेऊन बंगालच्या तरुणांत मिसळावे, असे एक मन म्हणे. दुसरे मन म्हणे, हे सारे नश्वर आहे. हिमालयात जावे, ब्रह्माचा शोध घ्यावा, शांत व्हावे. दोन्ही हाका सारख्याच खऱ्या होत्या. एक ऐकावी तर दुसरीशी प्रतारणा होते, अशी ती अडचण.

प्रमाणपत्रे जळाली ती याच काळात. आई चुलीपुढे बसली होती. मुलगा कागद गुंडाळून एकेक आत सारू लागला. हे काय करतोस, असे तिने विचारले. आज नाही तरी पुढे कधी उपयोगी पडतील, ठेवायला काय हरकत आहे, असे तिचे म्हणणे होते. मला यापुढे नोकरीच करायची नाही, तर ठेवून करू काय, असा मुलाचा जबाब होता. माझ्यापुरते बोलायचे तर या प्रसंगात मी अजून आईच्याच बाजूला आहे. ज्याच्या वडिलांना बडोद्यात पगार आहे त्याला कागद जाळणे परवडते. ज्याच्या घरी पहिलाच कागद आला आहे त्याने काय करावे? माझे वडील म्हणतात, बी.ए. कशाला करतोस, आयटीआय कर, कंपनीत तरी लागशील. मला मात्र इतिहास वाचावासा वाटतो. त्यांचे चुकते असे मला म्हणता येत नाही आणि माझे चुकते असेही वाटत नाही. म्हणून तर मी या माणसाचे चरित्र रागारागाने का होईना, पुढे वाचत गेलो.

२५ मार्च १९१६. इंटरच्या परीक्षेसाठी मुलगा बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसला. सुरत स्टेशन आले, तसा तो दोघा मित्रांसह खाली उतरला. आपण परीक्षेला जात नाही, दुसरीकडे जात आहोत, पण हातून काही वावगे होणार नाही याची खात्री असावी, अशा आशयाचे पत्र त्याने वडिलांना धाडले आणि काशीची गाडी धरली. काशीच का? तर तिथून हिमालयाचीही वाट जाते आणि बंगालचीही! निर्णय झालेला नव्हताच. मुलगा घर सोडून निघाला तो थेट चौरस्त्यावर जाऊन उभा राहिला, एवढेच. त्याचे वय तेव्हा वीस वर्षांचे होते.

काशीचे दिवस कठीण गेले. दुपारी अन्नछत्रात जेवावे, तिथे दोन पैसे दक्षिणा मिळे, तेवढ्यात रात्रीसाठी दही आणि रताळी घ्यावीत, असा क्रम. दिवसभर ग्रंथालयात संस्कृत ग्रंथांचे वाचन चाले. संध्याकाळी गंगेच्या काठी बसून कविता करायच्या आणि आता अग्नीऐवजी त्या गंगेला द्यायच्या. अशात बरोबर आलेला मित्र बेडेकर आजारी पडला आणि काशीतच वारला. घर सोडून दोन-तीन महिनेही झाले नव्हते आणि मित्राला गंगाकाठी अग्नी देण्याची पाळी विनायकावर आली. विसाव्या वर्षी परमुलुखात हे करायला लागणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. चरित्रकार या प्रसंगावरून लवकर पुढे जातात. मला मात्र तिथे थांबावेसे वाटते. ज्या मित्राला आपण आपल्या ओढीमागे घेऊन आलो तो गेला, ही बोच कोणत्या वेदान्ताने निघाली असेल?

त्याच वर्षी फेब्रुवारीत काशीच्या हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींचे ते गाजलेले भाषण झाले होते. व्यासपीठावर रत्नजडित पोशाखात राजेमहाराजे बसलेले असताना गांधीजींनी त्यांच्याच दागिन्यांवर बोट ठेवले होते. बाँब टाकणाऱ्या तरुणांच्या देशप्रेमाचा गौरव केला होता आणि त्यांच्या मार्गाला मात्र निर्भयपणे नकार दिला होता. विनायक काशीत आला तेव्हा त्या भाषणाची चर्चा अजून शमली नव्हती. वर्तमानपत्रातून त्याने ते वाचले. मनात शंका उठल्या, त्या पत्राने कळवल्या. उत्तर आले. पुन्हा शंका, पुन्हा उत्तर. आणि शेवटी अशा गोष्टी पत्रातून सुटत नाहीत, आश्रमात येऊन राहा आणि पाहा, असे बोलावणे आले.

७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात पोचला. गांधीजी भाजी चिरत बसले होते. पुढारी भाजी चिरतो, हे दृश्य त्याने कधी पाहिले नव्हते. गांधीजींनी एक चाकू त्याच्याही हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदाच भाजी चिरीत तो बसला आणि बोलणे सुरू झाले. ना हिमालय, ना बंगाल. समोर भाजीचे ताट! विनोबांनी पुढे सांगितले आहे की, हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती या दोन्ही आपल्याला त्या एका माणसापाशी मिळाल्या. मला यात विशेष वाटते ते हे, की हा मेळ ध्यानात किंवा ग्रंथात न लागता कामाच्या जागी लागला. विनायकाचा विनोबा झाला तो याच आश्रमात. या मुलाने लहान वयात जे साधले त्यासाठी मला पुष्कळ वर्षे लागली, अशा अर्थाचे पत्र गांधीजींनी नरहरपंतांना लिहिले. परीक्षा बुडवून पळालेल्या मुलाच्या वडिलांना ते पत्र वाचून काय वाटले असेल?

ओढाताण मात्र एका दिवसात संपली नाही. १९१७ मध्ये विनोबांनी वर्षभराची रजा मागून घेतली आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे यांचा अभ्यास केला. पायी फिरून गड-किल्ले पाहिले, गावोगावी गीतेवर प्रवचने दिली आणि वर्ष पुरे झाले त्याच दिवशी ते आश्रमात परत हजर झाले.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई गेली. तिचे अंत्यसंस्कार भटजींच्या हातून न होता आपल्या हातून व्हावेत, असा विनोबांचा आग्रह होता. घरच्यांना ते मान्य झाले नाही. तेव्हा ते स्मशानात गेलेच नाहीत. घरी गीता वाचत बसले. हा निग्रह मला कठोर वाटतो. तत्त्वाला धरून राहिलेल्या माणसाच्या हातून आई अशी निसटावी, हे वाचताना अंगावर काटा येतो. पण तो प्रसंग तिथे संपला नाही, हेही खरे. संस्कृत गीता कळत नाही, मराठीत तूच का करीत नाहीस, असे आईने फार पूर्वी म्हटले होते. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात विनोबांनी गीतेचे समश्लोकी मराठी रूप सिद्ध केले आणि त्याला नाव दिले गीताई. स्मशानात न गेलेल्या मुलाने आईचे ऋण फेडले, ते बारा वर्षांनी आणि असे.

दरम्यान १९२१ पासून ते वर्ध्याच्या आश्रमात होते. सूतकताई, विणकाम, भंगीकाम, तुरुंगवास असे चालले होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी गीतेचा एकेक अध्याय कैद्यांना सांगितला आणि साने गुरुजींनी तो टिपून घेतला. गीता-प्रवचने आपल्याला मिळाली ती अशी. त्यांतल्या बाराव्या अध्यायाच्या वेळी त्यांनी लक्ष्मण आणि भरत यांची जोडी घेतली. एक रामाच्या सावलीसारखा जवळ राहिला, दुसरा रामाच्या नावाने दूर अयोध्येत कारभार पाहत राहिला. सगुण आणि निर्गुण भक्ती ती हीच, आणि दोहोंत उणेअधिक काही नाही, असे त्यांचे विवेचन होते. राम-भरत भेटीचे चित्र कोणी काढील तर किती छान होईल, असेही ते बोलून गेले. पुढे १९३८ मध्ये प्रकृती अगदी ढासळली, वजन ८८ पौंडांवर आले. विश्रांतीसाठी ते धाम नदीकाठी पवनारला राहायला गेले. तिथे जमीन खणताना त्यांची कुदळ एका दगडाला लागली. वर काढला तर ते शिल्प निघाले, आणि त्यावर राम-भरताची भेट! योगायोग म्हणा, काही म्हणा. विनोबांनी मात्र ती देवाची भेट मानून तिची तिथेच स्थापना केली.

१९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली, तेव्हा कुठे हे नाव देशाला कळले.

पण खरी कसोटी पुढेच होती. १९५१ साली हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. विनोबा वर्ध्याहून तिथवर पायी गेले आणि परत येताना तेलंगणातून निघाले. तिथे जमिनीवरून रक्त सांडत होते. एकीकडे कम्युनिस्टांची सशस्त्र चळवळ, दुसरीकडे लष्कर. १८ एप्रिलला ते पोचमपल्ली या गावी होते. हरिजन वस्तीतल्या लोकांनी सांगितले की, आम्हाला ८० एकर जमीन मिळाली तर आमचे पोट भरेल. सरकारकडे अर्ज पाठवू, असे प्रथम विनोबांनाही वाटले. मग त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले, तुमच्यापैकी कोणी काही देऊ शकेल का? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठून उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर देऊ केले.

त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. हिशेब मांडला, तर देशातल्या भूमिहीनांना पाच कोटी एकर लागणार होते. इतकी जमीन मागून मिळते? गणित म्हणे अशक्य. श्रद्धा म्हणे आज मिळाली ती काय मागणाऱ्याच्या कर्तबगारीने मिळाली? वडिलांचे गणित आणि आईचा देव त्या रात्री समोरासमोर बसले होते, असे मला वाटते. कोणालाच उठवून न लावता, पाच कोटींचा आकडा तसाच कायम ठेवून, सकाळी विनोबा पुढच्या गावी जमीन मागायला निघाले. ती पदयात्रा १९६४ पर्यंत चालली. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली, ती याच वाटेवर.

गणिताचे म्हणणे खोटे ठरले असे मात्र नाही. पाच कोटींच्या जागी चाळीस लाख एकरांच्या आसपास जमीन मिळाली. तीतली बरीच खडकाळ, पडीक किंवा वादातली निघाली आणि पुष्कळशी वाटलीही गेली नाही. गुंठ्यावरून भाऊबंदकी होणाऱ्या गावात मी राहतो. कोणी मागायला आला आणि माणसाने एकरभर जमीन लिहून दिली, हे मला आजही अद्भुत वाटते. आणि लिहून देताना त्याने खडकाळ तुकडा निवडला, हे मुळीच अद्भुत वाटत नाही.

विनोबांवर सर्वांत कडवट टीका झाली ती आणीबाणीत. डिसेंबर १९७४ पासून त्यांचे वर्षभराचे मौन होते. जयप्रकाशांचा मार्ग त्यांना पटला नव्हता, आणि ज्या जयप्रकाशांनी १९५४ मध्ये भूदानाला आपले जीवन वाहिले होते ते १९७५ मध्ये तुरुंगात होते. त्या सुमारास विनोबांचे अनुशासन-पर्व हे शब्द बाहेर आले आणि सरकारने ते भिंतीभिंतींवर रंगवले. अनुशासन आचार्यांचे असते आणि शासन सत्तेचे, असा खुलासा त्यांनी मौन सुटल्यावर केला. परंतु तोवर उशीर झाला होता. लोकांनी त्यांना सरकारी संत ठरवले. ते सरकारी नव्हते, हे मी मानतो. तरीही माणसे तुरुंगात असताना आचार्यांनी मौन सोडायला हवे होते, असे मला वाटते. त्या वर्षी त्यांच्यातला हिमालय बंगालला वरचढ झाला. आमच्या वर्गात या मुद्द्यावर दोन तट पडले आणि तास संपला तरी वाद संपला नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. प्रकृती थोडी सुधारते आहे असे डॉक्टरांना वाटत असतानाच त्यांनी अन्न, पाणी, औषध सारे थांबवले. मोठमोठ्या लोकांनी विनवण्या केल्या. ते ऐकून घेत आणि काही घेत नसत. १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, त्यांनी देह ठेवला. गागोद्याच्या अंगणात चंदन उगाळणारा मुलगा तोवर सत्त्याऐंशी वर्षांचा झाला होता. धाम नदीच्या काठी त्यांचे दहन झाले.

दुसऱ्या वर्षी, १९८३ मध्ये, सरकारने त्यांना मरणोत्तर भारतरत्न दिले. प्रशस्तिपत्रक नेमके कोणाच्या हाती दिले गेले ते मी शोधले नाही. हा लेख लिहून झाल्यावर वडिलांना वाचून दाखवला. चुलीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी थांबवले आणि विचारले, त्याचे मार्क कसे होते? गणितात फार चांगला होता, असे मी सांगितले. मग पुढे वाच, म्हणाले.